हळद लागल्याचा खुलासा

नवी राजधानी, रायपूर
वैशाखातला तिसरा सोमवार, दुपार

ती. अच्युतदादा यांच्या चरणी यज्ञेश्वरचा साष्टांग नमस्कार.

(जावयानं साळ्याच्या पाया पडायचं नसतं, असं तिथं कोणीतरी म्हणेल. पण तुम्ही माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठे, आणि मोतीबिंदूच्या ऑपरेशनचा मान वेगळा असतो.)

इकडे मी ठीक आहे. तुमचा डोळा कसा आहे? थेंब चारही वेळा घालता ना? बाहेर पडताना हिरवा चष्मा लावता ना? दोन महिने वाचन बिलकूल बंद, असं डॉक्टरांनी बजावलं होतं, ते पाळता ना? अंगणातल्या लिंबोणीले यंदा लिंबं धरली का? तुमच्या घरी सध्या तुम्ही दोघंच, तुम्ही आणि तुमची बहीण कौमुदी, त्यामुळे बाकी कोणाची खुशाली विचारावी हा प्रश्नच येत नाही. कौमुदीची मी मुद्दाम विचारत नाही. (पत्र शुद्ध भाषेत लिहायचं ठरवलं होतं, पण एवढ्यातच दम लागला. आता जसं बोलतो तसंच लिहून राहिलो. तुम्ही अमरावतीचे, तुम्हाले काही अडणार नाही.)

पत्रास कारण असं की, माझ्या घरी हळद लागली ही बातमी तुमच्याकडे पोचली आहे. ती पोचली हे मले कसं कळलं म्हणाल, तर गेले चार दिवस मी संध्याकाळी फोन करतो, तुम्ही उचलता आणि सांगता, "कौमुदी आंघोळीले गेली." चार दिवस दादा! आमच्या जुन्या मोहल्ल्यातल्या, बुढापाऱ्यातल्या मीराताईले बातमी लागली, तेव्हाच मी समजलो की आता अमरावती दूर नाही. तर ऐका. हळद लागली हे खरं आहे. ती मलेच लागली हेही खरं आहे, नखापासून शेंडीपर्यंत लागली. पण लग्न कोणाचंच नाही. वयाच्या चौसष्टाव्या वर्षी माणसाले लग्नासाठी हळद लागत नाही, तो आपल्या मूर्खपणानं पिवळा होते. हे सगळं एका पाणी मऊ करणाऱ्या मशीनमुळे झालं, आणि ते मशीन मी कौमुदीसाठीच आणलं होतं. कर नाही त्याले डर कशाले, म्हणून सगळं सविस्तर लिहितो. तुम्हाले वेळ आहे, मलेही आहे. (मले तर फारच आहे.)

सुरुवात रस्त्यापासून करावी लागेल. आपलं राज्य नवं झालं त्या वर्षी मी रेल्वेच्या ऑफिसात पेढे वाटले होते, तुम्हाले आठवत असेल, एक तुम्हालेही पोस्टानं पाठवला होता आणि तो चपटा होऊन पोचला होता. आपलं रायपूर राजधानी! तेव्हापासून माझ्या डोक्यात एक रस्ता बसला. रुंद, शांत, दोन्हीकडे झाडं, रस्त्याच्या कडेले एक घर, घराले व्हरांडा, व्हरांड्यात आरामखुर्ची आणि खुर्चीत मी. फाइलीवर सही करता करता मी कितीदा त्या रस्त्यावरून फिरून आलो असेन. रिटायर झालो, बुढापाऱ्यातलं घर पुतण्याच्या हवाली केलं आणि इथं नव्या सेक्टरात राहायले आलो. दादा, रस्ता अगदी तसाच निघाला! इतका रुंद, की समोरच्या घरातल्या माणसाले हाक मारली तर ती अर्ध्यातच विरते. झाडंही आहेत, कमरेपर्यंत. मी व्हरांड्यात बसलो की मले ती मोठी झालेली दिसतात, सावली दिसते, सावलीत बाकडी दिसतात, बाकड्यांवर माणसं दिसतात. कौमुदीले मात्र ती कमरेपर्यंतच दिसतात. ती म्हणे, "तुम्ही पंधरा वर्षांनंतरच्या गावात राहून राहिले, मी आजच्या गावात काय करू?" मी हसायचो. चांगलं वाक्य आहे असं वाटायचं.

मग तिची पाण्याची तक्रार सुरू झाली. आमच्या कॉलनीले बोअरचं पाणी, ते जड. डोकं धुतलं की केसांचा काथ्या होते. साबण अर्धा घासला तरी फेस नाही. स्टीलच्या भांड्यांवर पांढरे डाग, जसे कोणी चुन्याची बोटं लावून गेलं. आणि मुख्य म्हणजे तुरीची डाळ. बुढापाऱ्यात तीन शिट्ट्यांत शिजणारी डाळ इथं पाच, कधी सहा शिट्ट्या घ्यायची, आणि तरी दाणा दाताखाली यायचा. अकरा महिने ही डाळ आमच्या ताटात भांडत होती. चैत्रात तुमच्या ऑपरेशनसाठी ती आठ दिवसांचं म्हणून निघाली. गाडी हलली तेव्हा खिडकीतून म्हणाली, "डाळ तीन शिट्ट्यांत शिजली की कळवा, येते." मले वाटलं थट्टा करून राहिली. आठाचे पंधरा झाले, पंधराचे वीस. रोज फोनवर एकच प्रश्न, "शिजली?" मी म्हणायचो, "नाही." ती म्हणायची, "बरं," आणि फोन ठेवायची. तुम्ही बाजूलेच बसलेले असता, तुम्हाले माहीत आहे.

तेव्हा मी आपल्या विशालले फोन केला. हा पोट्टा बंगळुरूले गेल्यापासून मी मराठीत बोलतो आणि तो हिंदीत उत्तर देते. म्हणाला, "पापा, हार्ड वॉटर है, सॉफ्टनर लगवा लो," आणि मीटिंग आहे म्हणून गेला. म्हणजे उपाय होता! अकरा महिने तो उपाय जगात कुठंतरी होता आणि मी झाडांकडे पाहत बसलो होतो. आठवड्याभरात मशीन आलं. लावायले गुढियारीहून बाबाराव आला. वऱ्हाडातला माणूस, वडील रेल्वेत खलाशी होते, तिशीपासून पाइपाचंच काम करते. बोलणं कमी. माझ्या प्रत्येक प्रश्नाले तो आधी पान्हा खाली ठेवायचा, मग उत्तर द्यायचा, त्यामुळे दोन तासांचं काम संध्याकाळपर्यंत चाललं.

आता हे मशीन काम कसं करते ते सांगतो. (झोप आली तर येऊ द्या. मलेही त्याच्यापाशी बसलो की येते.) मागच्या अंगणात दोन भांडी उभी आहेत. एक उंच, निळं, माझ्या छातीएवढं. दुसरं बुटकं, ढेरपोटं, वर झाकण. उंच भांड्यात राळेचे मणी भरलेले असतात. भरताना बाबारावनं चिमूटभर माझ्या तळहातावर ठेवले. खसखशीहून थोडे मोठे, मधाच्या रंगाचे, उन्हात धरले की आतून उजेड येते. असे लाखो मणी, आणि प्रत्येकावर सोडियम बसलेलं. सोडियम म्हणजे मिठातलाच एक भाग, हलका, मिळूनमिसळून राहणारा. आता आपल्या पायाखाली चुन्याचा दगड आहे. पावसाचं पाणी त्यात वर्षानुवर्षं मुरत बसते आणि बसल्या बसल्या दगड थोडा थोडा पोटात घेते. तेच ते कॅल्शियम आणि मॅग्नेशियम. बोअर मारली की पाणी तो दगड घेऊन वर येते. पाहायले गेलं तर काचेसारखं स्वच्छ, पण आत दगड. माझे आजोबा पहिल्यांदा भोसल्यांच्या जुन्या जहागिरीचे कागद घेऊन या गावात आले, त्या वर्षीचा पाऊसही आता कुठं आमच्या नळाले येत असेल, असं मले उगाच वाटते.

हे पाणी निळ्या भांड्यात वरून शिरते आणि मण्यांमधून खाली उतरते. तिथं पंगतीसारखं होते. पाटांवर सोडियमची मंडळी बसलेली, एकेका पाटावर एकेक. कॅल्शियम येतो. तो भारी पाहुणा, त्याले दोन पाट लागतात. त्याले पाहून दोघं सोडियमवाले मुकाट्यानं उठतात, जागा देतात आणि पाण्यासोबत नळाकडे चालू लागतात. भांडण नाही, तंटा नाही. कॅल्शियम बसला की बसला. पाणी तळाशी पोचेस्तोवर त्यातला सगळा दगड वर पंगतीत राहिलेला असते. पाणी गाळलं नाही, उकळलं नाही, फक्त कोण उठलं आणि कोण बसलं एवढाच फरक, आणि नळातून जे येते ते मऊ. पहिल्या दिवशी मी हात धुतले तर साबण सुटेच ना. मले वाटलं बिघडलं. बाबाराव म्हणाला, "साबण सुटला काका, हात असाच गुळगुळीत लागते." मी दिवसभरात अकरा वेळा हात धुतले.

होता होता सगळे पाट भरतात. मग बुटक्या भांड्याचं काम. त्यात खडे मीठ आणि पाणी. आठ-दहा दिवसांनी मशीन आपोआप ते खारं पाणी ओढून मण्यांवर सोडते. एकटादुकटा सोडियम कॅल्शियमले हलवू शकत नाही, पण आता अख्खं गावच आलेलं असते. एवढ्या गर्दीपुढे भारी पाहुण्याचंही काही चालत नाही. तो उठतो, मोरीच्या पाइपानं बाहेर जातो, आणि मंडळी पुन्हा आपापल्या पाटावर बसतात. मग साध्या पाण्यानं धुणं होते आणि पंगत नव्यानं सुरू. कंपनीवाले या सगळ्या धुण्याची वेळ लोक झोपले की लावून देतात. मी दुपारी दोनची लावून घेतली. बाबारावनं पान्हा खाली ठेवून विचारलं, "काहून?" मी म्हटलं, "मले ऐकायचं आहे."

आणि दादा, ऐकण्यासारखंच आहे ते. पहिल्या धुण्याले मी खुर्ची मागच्या अंगणात नेली. वैशाखाची दुपार, झळा, रस्त्यावर चिटपाखरू नाही. मशीन आधी एक मोठा श्वास घेते, मग हळूहळू घोट घेतल्यासारखा आवाज, मग नुसती सळसळ. डोळे मिटले तर बूढा तलावाच्या काठावर बसल्यासारखं वाटते, लहानपणी जसं पाणी पायऱ्यांले लागून बोलायचं तसं. मी त्या मण्यांच्या पंगतीतून फिरत होतो. कोण उठून राहिलं, कोण बसून राहिलं, पाहत होतो. आणि मले एकदम आमच्या गल्लीतलं निघणं आठवलं. सामान ट्रकात गेलं, मीराताई दारात उभी होती, आणि कौमुदी आपल्या ओट्यावरून उठली. चौतीस वर्षं रोज पाच वाजता ज्या ओट्यावर बसायची, तिथून उठली, पदर झटकला. मी ट्रकवाल्याले रस्त्याची रुंदी सांगत होतो. तो भारी पाहुणा कोण होता, हे मले त्या खुर्चीत समजलं आणि फार वाईट वाटलं. मग झोप लागली.

आता कैरीवर येतो. ही चूक कोणत्याही इंजिनिअरच्या हातून झाली नसती, ती आपल्याच माणसाच्या हातून व्हायची होती. दर चैत्रात कौमुदी मिठाच्या पाण्यात कैऱ्या घालते, हळद, मेथी, हिंग टाकून, देठासकट अख्ख्या, हे तुम्ही जाणता, तुमच्या आईची पद्धत. यंदा ती तुमच्याकडे, बरण्या पालथ्या. मी ठरवलं, ती येईल तेव्हा कैऱ्या मुरलेल्या पाहिजेत. अभनपूरच्या बाजारातून पाच किलो आणल्या, घट्ट, हिरव्या, एकीलेही डाग नाही. पण मिठाचं प्रमाण कोणाले विचारू? तिले विचारलं तर गंमत संपली. मी विचार करत मागच्या अंगणात गेलो, बुटक्या भांड्याचं झाकण उघडलं, आणि दादा, मले साक्षात्कार झाला. भांडंभर खारं पाणी, तळाशी मीठ शिल्लक, म्हणजे याच्याहून जास्त मीठ पाण्यात विरघळूच शकत नाही असं पक्कं प्रमाण! आणि एवढं सुरेख पाणी आठ-आठ दिवस नुसतं उभं! (मी छत्तीस वर्षं सरकारी कागदाच्या दोन्ही बाजू वापरलेला माणूस.) मी पाचही किलो कैऱ्या त्यात सोडल्या. मूठभर मेथी टाकली. हिंग टाकला. कौमुदी हळद चमचाभर घालते, पण तिची बरणी केवढी आणि हे भांडं केवढं, म्हणून मी हिशोबानं अख्खं पाकीट घातलं. काठीनं ढवळलं, झाकण लावलं आणि वर स्वच्छ फडकंही बांधलं. बाबारावले मी मिठाविषयी सतरा प्रश्न विचारले होते, बारीक चालते का, आयोडीनचं चालते का, (चालत नाही, गोळे होतात) पण कैरी चालते का हे विचारायचं राहिलं.

चौथ्या दिवशी दुपारी दोनले मशीननं श्वास घेतला. मी खुर्चीत होतोच. या खेपेले आवाज थोडा घशात अडकल्यासारखा होता, पण मी स्वप्नात कौमुदीले कैरी वाढत होतो, तिकडे लक्ष दिलं नाही. उठलो, कपडे धुवायच्या मशीनमध्ये टाकले, आंघोळीले गेलो. उन्हाळ्याची दुसरी आंघोळ, डोळे मिटून शॉवरखाली निवांत उभं राहायची. आधी ओठ खारट लागले. मग डोळे चुरचुरले. मग हिंगाचा वास आला. डोळे उघडले तर मी पिवळा! भिंती पिवळ्या, बादली पिवळी, जानवं पिवळं. पुसायले टॉवेल घेतला, तोही पिवळा झाला. मशीनमधले चार लेंगे आणि एक चादर, अशीच लखलखीत. काय करणार, ओली ठेवली तर वास येईल म्हणून मी तसाच टॉवेल गुंडाळून बाहेर आलो आणि व्हरांड्यातल्या दोरीवर सगळं वाळत घातलं. वारा सुटला होता. चार पिवळे लेंगे त्या रुंद रस्त्यावर फडकत होते, मांडवाच्या झालरीसारखे.

समोरच्या घरात कलावती राहते, अभनपूरकडच्या शेतकऱ्याची लेक, नवरा मंत्रालयात. वर्षभरात आमची एकदाही बोलचाल नाही. ती बाई तो पूर्ण रस्ता ओलांडून फाटकाशी आली. लेंगे पाहिले, मले पाहिलं, आणि हसत विचारलं, "काकर बिहाव हे, भैया?" कोणाचं लग्न आहे, असं. मी टॉवेलवर, अंगभर हळद, डोळ्यांतून पाणी वाहतंय. अशा वेळी शहाण्या माणसानं काय सांगावं? मी म्हटलं, "मैडम घर में नहीं हैं," आणि दार लावून घेतलं. आता तुम्हीच जोडा दादा. हळद नवऱ्याले, बायको घरात नाही, आणि विचारलं तर दार बंद. कलावतीच्या दिराचं कापडाचं दुकान बुढापाऱ्यात मीराताईच्या घराखाली आहे. दिवेलागणीपर्यंत माझं लग्न ठरलं होतं. मुलगी कुठली, एवढंच ठरायचं राहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिघी-चौघी फाटकाशी उभ्या. कलावती पुढे, सोबत शेजारची पूर्णिमा. पूर्णिमा शाळेत शिकवते, घरची मराठीच, पण उत्तर हिंदीत. चेहरा पंचनाम्याले आल्यासारखा. "अंकल, आंटी कहाँ हैं?" मी सगळ्यांले मागच्या अंगणात नेलं, फडकं सोडलं आणि झाकण उघडलं. पिवळ्या पाण्यात पाच किलो कैऱ्या तरंगत होत्या. मग मी त्यांले चुन्याच्या दगडापासून सुरुवात करून सगळं समजावलं, पंगत, पाट, भारी पाहुणा. पाऊण तास लागला. कलावतीनं एक कैरी उचलली, वास घेतला, माझ्याकडे पाहिलं, आणि ती जी हसायले लागली दादा! खाली बसली, पोट धरलं. मग पूर्णिमा. मग सगळ्याच. त्या रस्त्यावर हसण्याचा आवाज मी पहिल्यांदाच ऐकला. मले राग यायले पाहिजे होता, पण बरं वाटलं. जाताना कलावती एवढंच म्हणाली, की आता दिराले फोन करून लग्न मोडते. पण लग्न मोडल्याची बातमी लग्न जुळल्याच्या बातमीएवढी लवकर पोचत नाही, हे तुम्ही पाहतच आहात.

दुपारी बाबाराव आला. त्यानं वरचं डोकं खोललं. खारं पाणी ओढायचं जे बारीक भोक असते त्यात मेथीचा दाणा बसला होता, त्यामुळे शेवटचं धुणं झालंच नाही, आणि हळदीचं पाणी तसंच नळाले आलं. त्यानं दाणा चिमटीत धरून माझ्यापुढे केला, पान्हा खाली ठेवला आणि म्हणाला, "काका, हे मशीन होय. बरनी नोहे." त्याच्या बोलण्यात राग नव्हता, नुसती माहिती होती. ते मीठ खाण्याचं नसते म्हणून कैऱ्या टाकून द्याव्या लागल्या, सगळ्या. मी त्या एकेक करून काढल्या. भांडं रिकामं केलं, घासलं, नवं मीठ भरलं. तीनदा धुणं केल्यावर पाणी पुन्हा मऊ यायले लागलं.

पण डाळ! डाळ तशीच. मी बाबारावले धरलं. तर कळलं की स्वयंपाकघराच्या नळाले त्यानं मऊ पाणी दिलंच नव्हतं. बीपीवाल्या माणसानं ते सोडियमवालं पाणी रोज पिऊ नये, म्हणून स्वयंपाकाचा नळ जुन्याच पाण्यावर ठेवायची पद्धत आहे. मऊ पाणी मोरीले आणि व्हरांड्यातल्या नळाले. म्हणजे जिच्यासाठी हा सगळा खटाटोप, ती डाळ मशीनच्या पाण्यापासून चार हात दूर! प्यायचं नाही, पण डाळीपुरतं चालते, असं बाबाराव म्हणाला. तेव्हापासून मी लोटा घेऊन व्हरांड्यात जातो. ते पूर्णिमानं पाहिलं. तिनं विचारलं, केस धुवायले एक बादली नेऊ का. मग कलावती डाळीसाठी कळशी घेऊन आली. आता रोज पाच वाजता आमच्या पायऱ्यांवर पाच-सहा भांडी रांगेत असतात, आणि भांडी म्हटली की भांडेवाल्याही. नळाची धार बारीक आहे, त्यामुळे बसावंच लागते. भाजीवाला सेक्टरात काहून येत नाही, कोणाची सून कशी, शाळेच्या बसची वेळ, सगळं चालते. पहिले दोन दिवस मी त्यांले मण्यांबद्दल राहिलेलं सांगितलं. तिसऱ्या दिवसापासून त्या पलीकडच्या पायरीवर बसतात.

तर दादा, निरोप एवढाच, की तुरीची डाळ तीन शिट्ट्यांत शिजली. मी स्वतः व्हरांड्यात उभं राहून मोजल्या. हे ज्याच्या-त्याच्या कानावर घालावं.

वडीलधाऱ्यांत तुम्हीच, तुम्हाले पुन्हा नमस्कार. धाकटं तिथं कोणी नाही, आशीर्वाद शिल्लक राहिले आहेत ते लिंबोणीले द्यावेत.

तुमचा,
यज्ञेश्वर

ता. क. घरी खाण्याचं मीठ आणून ठेवलं आहे आणि कैऱ्या पुन्हा आणल्या आहेत, या खेपेले तीनच किलो. बरणीले मीठ किती, हे कोणाले माहीत असेल तर विचारून कळवावं. हळद चमचाभर, ते आता कायमचं लक्षात राहील.

ता. क. २. (इथून पुढे मोठ्यानं वाचू नको.) कौमुदी, तुझ्या दादांले दोन महिने वाचायचं नाही, हे मीच वर लिहिलं आहे. पहिल्या ओळीपासून हे पत्र तूच वाचून राहिलीस, आणि दादा लिंबोणीखाली डोळे मिटून ऐकून राहिले, हे मले इथून दिसते. मले पंधरा वर्षांनंतरचं दिसते तर एवढं दिसणार नाही का? तू अकरा महिने मले पाण्याबद्दल सांगत होतीस आणि मी ते पाण्याबद्दलच समजलो. मशीन लागलं, पाणी मऊ झालं, आणि घरात बोलायले कोणी नाही, तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. तुले बुढापाऱ्यात परत जायचं असेल तर जाऊ. पुतण्याशी बोललो, वरची खोली रिकामीच आहे. मी आरामखुर्ची विकून टाकीन म्हणणार नाही, पण गच्चीवर ठेवीन. फक्त ठरवण्याआधी एकदा पाच वाजता आमच्या पायरीवर बसून पाहा. कलावती आणि खांबाच्या मध्ये एक जागा त्या रोज सोडतात. कोणी सांगितलं नाही, आपणच सोडतात. मले तिथं बसू देत नाहीत. रोज विचारतात, "दीदी कब आएंगी?"

ता. क. ३. शिट्ट्या मी मोजल्या हे खरं, पण त्या कलावतीच्या कुकरच्या होत्या, समोरून स्पष्ट ऐकू येतात. तिचीच डाळ तीनमध्ये शिजते. आपल्या घरी त्याच पाण्यात अजून पाच लागतात. ती म्हणते डब्यातली डाळ जुनी झाली, नवी आणा. पण तो डबा तू जाताना भरून गेली होतीस, वर आणखी ओतायचा माझा हात होत नाही. तेव्हा, अजून पाच शिट्ट्या. तरी ये.